पेशींतील मोडणी आणि एक एन्झाइम

शरीर घडतें कसें, याचें कुतूहल सर्वांस असतें. तें मोडतें कसें, याकडे सहसा कोणी पहात नाहीं. वस्तुतः पेशींतील मोडणी ही घडणीइतकीच शिस्तीची असते. आनुवंशिक द्रव्याची माळ न्यूक्लिओटाइडांच्या मण्यांची. मणी मोडीत निघाला म्हणजे त्याचें फॉस्फेट प्रथम सुटतें, आणि उरलेल्या भागावर दुसरीं एन्झाइमें काम करतात. त्यांपैकीं एक अ‍ॅडिनोसीन डीअमिनेज. अ‍ॅडिनोसीनमधील अमोनियाचा अंश काढून त्याचें इनोसीन करणें, एवढेंच त्याचें काम. काम दिसावयास क्षुल्लक. पण तें अडलें म्हणजे काय होतें, हें १९७२ सालीं उघड झालें.

त्या वर्षीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें एलॉइज गिब्लेट या विदुषींनीं, रोगप्रतिकारशक्ति अत्यंत दुबळी असलेल्या दोन मुलींचें रक्त तपासलें. त्यांत हें एन्झाइम मुळींच आढळलें नाहीं. याचा कार्यकारणभाव पुढें स्पष्ट झाला. एन्झाइम नसलें कीं डीऑक्सिअ‍ॅडिनोसीन सांचतें. त्यापासून बनणारें त्रिफॉस्फेट नवें डीएनए घडविण्याची वाटच रोखून धरतें. लिम्फोसाइट या रक्षक पेशींवर हा घाला विशेषेंकरून पडतो, आणि मग इतरांस किरकोळ वाटणारा जंतुही अशा अर्भकाच्या जिवावर उठतो.

जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचें रोपण हा उत्तम उपाय. पण दाता न मिळाल्यास? गाईच्या आतड्यांतून काढलेलें एन्झाइम टोचण्यास १९९० सालीं अमेरिकेंत परवानगी मिळाली. त्याच वर्षीं १४ सप्टेंबर रोजीं बेथेस्डा येथें चार वर्षांच्या एका मुलीस, तिच्याच रक्तपेशींत निरोगी जनुक घालून, त्या परत देण्यांत आल्या. मान्यताप्राप्त जनुकोपचाराचा हा पहिला प्रयोग. मुलगी वाढली, परंतु एन्झाइमाची टोचणी चालूच राहिल्यानें श्रेय कोणास द्यावें, हा वाद मात्र राहिलाच.

हा आजार अतिशय विरळा. तरीहि या एन्झाइमाचें नांव भारतांतील कित्येक कुटुंबांस ठाऊक आहे, तें ‘एडीए’ या तपासणीमुळें. छातींत पाणी झालें म्हणजे तें क्षयाचें कीं अन्य कशाचें, हा प्रश्न बिकट असतो. कारण त्या पाण्यांत क्षयाचे जंतु क्वचितच दिसतात. क्षयांत मात्र तेथें लिम्फोसाइट गोळा होतात आणि एन्झाइमाचें प्रमाण चढतें. लिटरामागें सुमारें ४० एककांहून अधिक आंकडा आल्यास क्षयाचा संशय बळावतो. पण पू झाल्यास किंवा लिम्फोमा या कर्करोगांतहि तो चढूं शकतो. म्हणून पाण्यांतील पेशी कोणत्या, हें पाहिल्यावाचून जाणता वैद्य केवळ त्या आंकड्यावर विसंबत नाहीं.