चोवीस नावे आणि अंकपाश
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



संध्येच्या आरंभी आपण केशवापासून श्रीकृष्णापर्यंत चोवीस नावे घेतो. ती चोवीसच का, हा प्रश्न मौंजीच्या वयात अनेकांना पडतो व पुढे विसरला जातो. श्रद्धेचे उत्तर निराळे असेल. मी आज गणिताचे सांगणार आहे.

चतुर्भुज विष्णूच्या हातांत शंख, चक्र, गदा व पद्म असतात. पहिल्या हातात चारांपैकी कोणतेही येईल. ते ठरल्यावर दुसऱ्यासाठी तीन उरतात, तिसऱ्यासाठी दोन, आणि चौथ्याला निवडच नाही. चार, तीन, दोन व एक यांचा गुणाकार २४. मूर्तिशास्त्राने या चोवीस क्रमांना चोवीस नावे दिली आहेत. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, रचलेल्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ प्रकरणी हेच उदाहरण घातले आहे, आणि त्याच्या जोडीला दशभुज शंभूचे. तेथे मूर्तिभेद होतात ३६,२८,८००! सेकंदास एक याप्रमाणे अहोरात्र मोजले तरी बरोबर ४२ दिवस लागावेत. शंभूला तितकी नावे कोणी दिली नाहीत, हे आपल्या पाठांतराच्या दृष्टीने बरेच झाले.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी खानदेशात पाटणे येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ सालचा शिलालेख उजेडात आणला तो आपल्या गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मठात गणित शिकविणे ही नवलाई नव्हे, एवढे यावरून दिसेल.

क्रम निराळा आणि निवड निराळी. अभिषेकात दूध, दही, तूप, मध व शर्करा ही एकामागून एक वाहिली जातात. तेथे क्रम आहे, आणि संभाव्य १२० क्रमांपैकी एकच विधीने स्वीकारला आहे. तीच पाच द्रव्ये तीर्थाच्या पात्रात एकत्र झाली की आधी कोणते पडले हे जिभेला कळत नाही. म्हणून दोन द्रव्ये निवडावयाची असता पाच गुणिले चार, म्हणजे वीस, याला दोहोंनी भागावे लागते. जोड्या दहाच होतात.

आता मुद्द्याचे बोलतो. अग्निपुराण, पद्मपुराण व ‘रूपमंडन’ यांतील याद्या सर्वत्र जुळत नाहीत. अशी यादी नकलताना दोन नावांना एकच क्रम लागला, तर कोठेतरी एक क्रम बेवारस राहतो. केवळ मोजून चूक पकडता येते. मात्र खरे नाव कोणते, ते गणित सांगत नाही. तेथे परंपरेलाच विचारावे लागते.

घरोघरच्या जुन्या मूर्ती झिजत आहेत. एक हात भंगला तर उरलेल्या तिघांवरून चौथे आयुध निश्चित कळते. दोन भंगले तर दोन शक्यता, तीन भंगले तर सहा. अशा वेळी शिल्पकाराने अंदाजाने नवी मूर्ती घडविली, तर केशवाच्या जागी आपण दुसऱ्याच नामाची स्थापना करून बसू. म्हणून चारही हात शाबूत आहेत तोवरच, उजव्या खालच्या हातापासून आरंभ केला असे स्पष्ट लिहून, प्रत्येकाने आपल्या देव्हाऱ्यातील मूर्तीचा क्रम टिपून ठेवावा. त्याची एक प्रत मठात द्यावी.