मद्य, रक्तदाब आणि हृदय



आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते. रक्तदाब सतत १४०/९० च्या वर राहिला, तर वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलताना त्याच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड व ताठर होते. अतिमद्यपान दुहेरी आघात करते. ते रक्तदाब वाढवते आणि हृदयाचा स्नायूही दुर्बल करते. हृदय फुगते, ठोके अनियमित होतात. फ्रेंच डॉक्टर कामीय लियाँ यांनी १९१५ मध्येच सैनिकांच्या तपासणीतून अतिमद्यपान व उच्च रक्तदाब यांचा संबंध दाखवला होता.

आपल्या घरांत मद्य निषिद्ध आहे. म्हणूनच पिणारा ते लपवतो, अगदी डॉक्टरांपासूनही. मग गोळ्या वाढत जातात, रक्तदाब मात्र उतरत नाही. मद्य सुटल्यास अनेकांचा रक्तदाब काही आठवड्यांतच खाली येतो. मात्र दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्याने ते एकाएकी बंद करू नये. झटके येण्याचा, भ्रम होण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते सोडावे.

कुटुंबीयांना विनंती एवढीच, की प्रतिष्ठेपायी मौन न धरता त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. लाजेपेक्षा जीव मोठा आहे.