अनुभवी वित्त व्यावसायिकाने कोणती पदवी घ्यावी?
दहा-बारा वर्षे बँकेत किंवा लेखा विभागात काढलेल्या माणसासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली पूर्णवेळ एक वर्षाची. अहमदाबादच्या आयआयएमचा पीजीपीएक्स हा असाच अनुभवी लोकांसाठीचा अभ्यासक्रम. इथे शुल्काइतकाच मोठा खर्च बुडालेल्या पगाराचा असतो, आणि हिशेब करताना नेमका तोच विसरला जातो. कामाचे क्षेत्रच बदलायचे असेल, तर मात्र हा खर्च सार्थ ठरतो.

दुसरी वाट नोकरी सांभाळून शिकण्याची. मुंबई विद्यापीठाचा एमएफएम हा तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम. दिवसभर ताळेबंद पाहून संध्याकाळी वर्गात बसायचे आणि मार्चअखेरीच्या धांदलीतही अभ्यास सोडायचा नाही, ही खरी कसोटी. त्याच क्षेत्रात वर चढू पाहणाऱ्याला हीच वाट अधिक सोयीची.

सीएफए ही पदवी नव्हे, व्यावसायिक सनद आहे. तीन टप्प्यांच्या परीक्षांखेरीज 4,000 तासांचा संबंधित अनुभवही लागतो. गुंतवणूक विश्लेषणात खोल उतरायचे असेल, तर ती एमबीएपेक्षा उपयोगी. माणसे आणि विभाग सांभाळायचे असतील, तर एमबीए बरे.

आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार 2017 च्या कायद्याने मिळाला. त्यापूर्वी तिथे पदविका मिळत असे. म्हणून प्रवेशापूर्वी माहितीपत्रकात पदवी की प्रमाणपत्र, हा शब्द नीट वाचावा.