उतारशाळेचा रखवालदार
मिरजेच्या डॉ. वानलेस यांची आठवण

(खोडद येथे भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘जुन्या काळचे सेवाभावी डॉक्टर’. विषय ऐकताच तुमच्यातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला कोणी ना कोणी आठवले असेल. नाडीवर बोट ठेवून आधी घरची चौकशी करणारे, पैसे नसले तर पुढच्या खेपेला द्या म्हणणारे. आता तसे डॉक्टर राहिले नाहीत, असे म्हणून आपण हळहळतो आणि चहा प्यायला लागतो. मला त्या हळहळीच्या थोडे पुढे जायचे आहे. म्हणून आज एकाच माणसाबद्दल बोलते, मिरजेचे डॉ. विल्यम जेम्स वानलेस.

वानलेस यांचा जन्म 1865 चा, कॅनडातला. न्यूयॉर्कला वैद्यकी शिकून 1889 मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आपल्याकडे आले. वय चोवीस. बरोबर पत्नी मेरीबाई. पहिला दवाखाना सांगलीला, अगदी लहान. मग मुक्काम मिरजेला हलला आणि 1894 मध्ये तिथे हॉस्पिटल उभे राहिले. इमारतीसाठी पैसे दिले ते अमेरिकेतल्या जॉन कॉन्व्हर्स नावाच्या एका विश्वासणाऱ्या गृहस्थाने. आज इथे बसलेल्या देणगीदारांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण त्यांचा विषय पुढे निघणार आहे.

त्या काळचे हॉस्पिटल म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला सहज येत नाही. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये, म्हणजे मिरजेचे हॉस्पिटल सुरू झाल्यावर. रक्तगट ठाऊक झाले त्यानंतर काही वर्षांनी. पेनिसिलिन रोग्यांपर्यंत पोचले 1940 नंतर, तोवर वानलेस देवाघरी गेले होते. म्हणजे ताप चढला, जखम चिघळली, तर डॉक्टरांच्या हातात होती ती स्वच्छता, शुश्रूषा, सुरी आणि प्रार्थना. मिरजेला शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची रीत होती. हे ऐकून कोणी हसेल. पण भूल द्यायच्या आधी, टेबलावर पडलेल्या घाबऱ्या माणसासाठी सगळे जण दोन मिनिटे थांबले, तर त्यात वैद्यकाचे काही नुकसान झाले असे मला वाटत नाही.

नाव झाले ते मुख्यतः शस्त्रक्रियेमुळे. मोतीबिंदूने दिसेनासे झालेला म्हातारा नातवाचा खांदा धरून यायचा आणि परतताना स्वतःच्या पायाने वाट बघत जायचा. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? शिवाय मिरज हे रेल्वेचे जंक्शन. कर्नाटकातून, गोव्याकडून माणसे गाडीत बसून येऊ लागली. तंबोऱ्यांचे आणि सतारींचे गाव हळूहळू दवाखान्यांचे गाव झाले, आणि आजही आहे.

इथवरची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पसरत गेला. त्याच सुमारास दख्खनेत दुष्काळ पडला. रोगी वाढत होते, हात तेवढेच. अशा दिवसांत, 1897 मध्ये, वानलेस यांनी मिरजेला वैद्यकीय शाळा काढली. आपल्याच देशातले तरुण घेतले आणि त्यांना शिकवले. आता विचार करा, ओसरीवर रोग्यांची रांग लागलेली असताना वर्गात उभे राहून शरीररचना शिकवणे किती जिवावर येत असेल! शिकवण्यात गेलेल्या प्रत्येक तासाला बाहेर कोणीतरी ताटकळत होते. तरीही ते शिकवत राहिले. तिथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेले.

कुष्ठरोग्यांसाठी मिरजेला वेगळे काम उभे राहिले. क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरज रस्त्यावर आरोग्यधाम झाले. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, पोटभर सकस अन्न आणि माया, एवढाच उपचार. त्या वस्तीला लोक आजही वानलेसवाडी म्हणतात. सरकारने 1928 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि 1933 मध्ये अमेरिकेत वारले. आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी एका गावाला दिली.

मेरीबाईंबद्दल मात्र दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण पुष्कळदा ते राहून जातात. त्यांनी रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. 1906 मध्ये त्या वारल्या. डॉक्टरसाहेबांची सुरी सर्वांना दिसली. पण सुरी खाली ठेवल्यावर रोग्याच्या उशाशी रात्रभर जागणारी बाई ही सेवेच्या इतिहासात नेहमी एका ओळीची धनीण असते.

म्हणूनच मला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवतो. लूक, दहावा अध्याय. लूक स्वतः वैद्य, म्हणून की काय, जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतल्याचा बारकावा तो सोडत नाही. आपण या दाखल्यावर किती प्रवचने ऐकली! याजक आणि लेवी यांना आपण दरवेळी बोल लावतो, शोमरोन्याचे कौतुक करतो. पण दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघून जातो, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याला पुढे काम होते. दोन दिनार उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर ठेवून तो जातो. त्या जखमी माणसाची पट्टी बदलली कोणी? त्याला पेज कोणी पाजली? रात्री कण्हला तेव्हा दिवा घेऊन कोण आले? रखवालदारच. त्याचे नाव नाही, त्याच्यावर प्रवचन नाही. पण तो नसता तर शोमरोन्याची दया एका रात्रीपुरती ठरली असती.

वानलेस यांनी 1897 मध्ये केले ते हेच. ते उतारशाळेचे रखवालदार घडवत होते.

आता आपल्याकडे येऊ. तुम्ही इथे येताना दुर्बिणीच्या तबकड्या पाहिल्या असतील. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आकाशातला क्षीणातला क्षीण संदेश टिपणाऱ्या. खोडदचे नाव त्यांनी जगात नेले, याचा अभिमान आहेच. पण याच जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, आहुपे, भीमाशंकरच्या रानात, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर, पावसाळ्याच्या रात्री बाळंतीण अडली तर ती हाक ऐकायला कोण आहे? महादेव कोळी, ठाकर, कातकरी, ही माणसे तुम्हाला अनोळखी नाहीत. भाताचे काम आटोपले की तीच नारायणगावच्या मजूर बाजारात उभी असतात आणि तुमच्या कांद्याच्या, टोमॅटोच्या रानात राबतात. हिरडा गोळा करून ती विकतात, म्हणजे औषधाची वस्तू साऱ्या देशाला पुरवतात. आणि स्वतःला ताप आला तर अंगारा लावून पडून राहतात.

आपण त्यांच्यासाठी शिबिरे घेतो. शिबिर वाईट नसते. पण गेल्या पावसाळ्यानंतर एका वाडीवर मी एका आजींच्या घरी गेले. भिंतीला खुंटीवर कापडी पिशवी टांगलेली, तिच्यावर शिबिराचे नाव छापलेले. आत रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या होत्या, त्या त्यांनी चुकवल्या नव्हत्या. “संपल्या, मग बरं वाटायचं थांबलं,” एवढेच त्या म्हणाल्या. ती पिशवी देवाच्या प्रसादासारखी जपून ठेवली होती. शिबिर कोणत्या संस्थेचे होते ते सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी आलेले डॉक्टर मनापासूनच आले असतील. वाडीवर उरले मात्र कोणीच नाही.

आपल्याच महाराष्ट्रात याला उत्तर मिळालेले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही ख्रिस्ती, दोघेही वेल्लोरला शिकलेले, 1970 मध्ये जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित वस्तीतल्या. बाळाचे वजन करणे, बाळंतपण सांभाळणे, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, ही कामे त्या करू लागल्या आणि गावे बदलली. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शस्त्रक्रियेची खोली त्यांच्याकडेही होतीच. पण रात्री दार वाजवावे असे घर त्यांनी गावातच तयार केले. वानलेस आणि आरोळे यांच्यात फार अंतर आहे, काळाचे आणि पद्धतीचेही. तरी मला ते एकाच दाखल्यातले वाटतात.

आपल्या कार्यकारिणीपुढे या वर्षी दोन प्रस्ताव आहेत. एक, आणखी चार शिबिरे. दुसरा, घाटाकडच्या तीन मुलींचे एएनएमचे शिक्षण, वसतिगृहाच्या खर्चासह. पैसे दोन्हींना पुरणार नाहीत. शिबिरांचे फोटो या अंकात छान दिसतील, हे मीही जाणते. एएनएमचा अभ्यास दोन वर्षांचा. तोवर छापायला काही नसेल, फार तर वसतिगृहाच्या पावत्या. मुलगी शिकून शहरातच राहिली तर, अशी शंका काही वडीलधाऱ्यांनी काढली आहे आणि ती रास्त आहे. राहीलही एखादी. मिरजेला शिकलेले सगळेच काही खेड्यांत गेले नसतील, म्हणून शाळा काढणे चुकले असे कोणी म्हणत नाही. परतणाऱ्या मुलीला वाडीजवळ राहायला खोली आणि पहिल्या दोन वर्षांचे मानधन कोण देणार, हे मात्र आजच ठरवावे लागेल. नाहीतर आपणच तिला शहराकडे ढकलल्यासारखे होईल.

तिन्ही मुलींचे अर्ज माझ्या पिशवीत आहेत. एकीची आई परवापर्यंत याच शिवारात कांदे काढत होती. जेवणानंतर खजिनदार मागच्या खोलीत बसणार आहेत. ज्यांना अर्ज वाचायचे असतील, शंका विचारायच्या असतील, त्यांनी तिथे यावे. मीही तिथेच आहे.