वेदनेच्या आधीची परीक्षा



आपल्या भंडारा जिल्ह्यात चहा संपतो न संपतो तोच पाहुण्यापुढे खर्ऱ्याची पुडी येते. सुपारी, तंबाखू व चुना यांचे ते घोटलेले मिश्रण तासन्‌तास गालात राहते आणि मुखाच्या कर्करोगाचे बीज तेथेच पडते. आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही, हीच त्याची मोठी फसवणूक होय. पांढरा वा तांबडा चट्टा, न भरणारा व्रण, तोंड पुरते न उघडणे, ह्या त्याच्या पूर्वसूचना. त्या ओळखावयास एक बॅटरी व शिकलेली नजर पुरते. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अशा तपासणीने तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील ह्या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेही तसेच आहे. तेथे सौम्य ॲसेटिक आम्ल लावले की विकृत भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. प्रयोगशाळा नको, अहवालाची प्रतीक्षा नको. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील स्त्रियांची ही परीक्षा दर दोन वर्षांनी केली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षित सेविका होत्या. बारा वर्षांत मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तथापि चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. तुकडा काढून तपासल्यावाचून निश्चित निदान होत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालय, प्रसंगी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय गाठावे लागते. आपली माणसे थबकतात ती येथेच. कोणाला गाडीभाड्याची विवंचना, कोणाला रोवणीची घाई. आणि कित्येक घरी एकच धास्ती, की बातमी फुटली तर मुलीचे लग्न कसे जुळावे? बंधूंनो, ही धास्ती आपणच निर्माण केली आहे. ती दूर करणेही आपल्याच हाती आहे. सोयरीक जुळविताना आजाराची कुजबुज करणार नाही, एवढा निर्धार आपण आज करू या.

शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांसाठी ह्या तपासण्यांची तरतूद आहे. मंडळाने प्रत्येक गावी दोन सोबती नेमावेत. नागपूरला जाणाऱ्याच्या शेजारी गाडीत कोणीतरी आपले बसलेले असावे. आणि पुढील संमेलनात खर्ऱ्याचे तबक उचलून त्या जागी आरोग्यसेविकेची खुर्ची मांडावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.