इंजन घेताना आधी काय विचारावे
(मारेगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. ते बोलणे चालूच राहील. आज इंजनावर बोलायचे आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्याच्या आगेमागे नाल्यांवर बंधारे झाले. वर्धेच्या काठापासून इकडे मारेगावपर्यंत फिरताना आम्ही पाहतो की पाणी डोळ्यांसमोर आहे, आणि पाचशे फुटांवर पऱ्हाटी माना टाकते आहे. सप्टेंबरात वीस दिवसांचा खंड पडला की पात्या गळतात, बोंडे पोसत नाहीत. ज्वारी पोटऱ्यात असेल तर कणीस अडकते. त्या वेळी एक पाणी मिळाले तर पीक आपले, नाही तर सावकाराचे.

आम्हीही फसलो आहोत, ते आधी सांगतो. आम्ही पाच जणांनी मिळून एक पेट्रोल इंजन घेतले. स्वस्त होते, पट्टीवर सात अश्वशक्ती लिहिले होते, रंग झकास होता. खंडाच्या तिसऱ्या दिवशी दोरीची स्प्रिंग तुटली. ती बदलून आणावी तर वणीला नाही, पांढरकवड्याला नाही, यवतमाळलाही नाही. विकणारा म्हणाला, मागवून देतो. पाऊस आला, स्प्रिंग आली नाही. आमच्यात शेतीची पदवी घेतलेला माणूस होता आणि ते इंजन त्यानेच पसंत केले होते. तो आज तुमच्यासमोर उभा आहे.

कोकणात लहान होडीच्या मागे लटकवायचे इंजन असते. ते खोल पाण्यात बंद पडले तर ढकलत आणायला तिथे बैल नसतात. म्हणून जुना कोळी आधी विचारतो की सामान कुठे मिळते आणि किनाऱ्यावर ते उघडणारा मिस्तरी कोण. अश्वशक्ती नंतर. आपण उलटे करतो. आपल्या वावरात खंडाचे वीस दिवस म्हणजे खोल पाणीच. तेव्हा पहिला प्रश्न हाच: आपल्या बाजाराच्या गावात या इंजनाचे नोझल, रिंग, गॅस्केट, फिल्टर मिळतो का? दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आधी मिस्तरीकडे जा आणि त्याच्याकडे कोणती इंजने दुरुस्तीला येतात, आणि दुरुस्त होऊन परत जातात, ते पाहा.

आता हिशेब. एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर. एक सरी सोडून एक भिजवली तर लाखात भागते. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे, उतार धरून, साधारण बावीस लाख लिटर धरते. त्यातले झिरपून आणि उडून जाते ते वेगळे. पाच अश्वशक्तीचा डिझेल पंप पंधरा-अठरा मीटर उंचीपर्यंत सेकंदाला दहा लिटर पाणी देतो, म्हणजे तासाला छत्तीस हजार. एक लाख लिटरला तीन तास. पूर्ण भारावर तासाला लिटरभर डिझेल लागते. लहान दोन इंची पेट्रोल पंप तासाला वीस हजारांच्या आसपास देतो, म्हणजे पाच तास, आणि तेवढ्याच कामाला इंधन जास्त पितो. मात्र त्याचे वजन वीस-पंचवीस किलो. बाईसुद्धा उचलून धुऱ्यावर नेते. जुन्या संथ चालीचे पाण्याने थंड होणारे डिझेल इंजन तीनशे किलोच्या पुढे जाते. विहिरीवर कायम ठेवायला त्यासारखे टिकाऊ नाही, पण ते नाल्यावर न्यायचे म्हणजे बंडी आणि चार गडी. हवेने थंड होणारे, जलद चालीचे पंपासकट शे-दीडशे किलोचे. एकर-दोन एकर असेल तर पेट्रोल पंप पुरे, त्यापुढे डिझेल. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालणाऱ्या इंजनांच्या भानगडीत आता पडू नका, रेशनचे रॉकेल गेले.

पट्टीवरची अश्वशक्ती वाचताना विचारा की ती दिवसभर चालण्याची की मिनिटभर ताणून दाखवण्याची. आमच्या सातात चारच होत्या.

जुने घ्यायचे असेल तर थंड असताना पाहा. मालकाने आधीच सुरू करून ठेवले असेल तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा. हाताने फिरवून दाब पाहा. पट्टी काढून ऑइल पाहा. दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरते आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, रिंगा गेल्या. काळा म्हणजे नोझल बिघडले किंवा भार झेपत नाही. रिकामे चालवून फसू नका, दोन तास पाणी ओढायला लावा. फूटव्हॉल्व्ह आपला न्या. आणि एक ध्यानात ठेवा, कोणतेही इंजन सहा-सात मीटरपेक्षा खालून पाणी ओढत नाही. तो दोष इंजनाचा नाही, हवेच्या दाबाची मर्यादा आहे.

म्हणून काही जण इंजनच विहिरीत खाली उतरवतात. हे करू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नाही. खाली उतरलेला माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, आणि एका घरातून दोन तिरड्या निघतात. पाणी तेवढे खोल असेल तर विजेचा किंवा सौर पाणबुडी पंप पाहा. २०२४ पासूनच्या सौर पंपाच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात. खंडात ऊन भरपूर असते, ही त्याची जमेची बाजू. पण तो बंडीवर घालून शेजाऱ्याच्या तळ्यावर नेता येत नाही.

अनुदानाच्या यादीत आहे म्हणून इंजन घेऊ नका. यादी करणाऱ्याच्या वावरात ते बंद पडणार नाही.

चौघांनी मिळून घ्यायचे असेल तर पाळी, डिझेल आणि दुरुस्ती आधीच वहीत लिहा. आमचे पाच जण स्प्रिंगपेक्षा तिच्या पैशावरून जास्त भांडले. चावी एकाकडेच ठेवा, आणि पोळ्याच्या आधी एकदा सुरू करून पाहा.

बाहेर लिंबाखाली बंडीवर दोन इंजने आणली आहेत, एक चांगले, एक आमचे. जेवण झाल्यावर हँडल प्रत्येकाने मारून पाहायचे, बायांनीसुद्धा. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटे फिरले तर हात वाचतो.