अक्षरांशी अडलेली मुले

(शिक्षक व अभ्यासिका-कार्यकर्त्यांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी विषय दिला आहे ‘अध्ययन अक्षमता आणि तंत्रज्ञान’. मी वैद्य नाही, विशेष शिक्षकही नाही. अक्षरांवर पोट असलेला एक पत्रकार आहे. ज्याला अक्षर वश होत नाही, अशा मुलाविषयी बोलण्याचा माझा अधिकार असलाच तर तेवढाच.

आपल्या प्रत्येकाच्या अभ्यासिकेत असे एखादे मूल असते. गोष्ट सांग म्हटले की रंगवून सांगते. शाखेत पद्य दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा स्वतः सांगते. हिशेबाचा व्यवहार तोंडी विचारला तर चटकन उत्तर देते. पण पुस्तक उघडले की त्याचा चेहरा उतरतो. जोडाक्षराशी अडते, ओळ सुटते, फळ्यावरचे उतरवून घेताना निम्मे राहून जाते. काल दहा वेळा गिरविलेला शब्द आज त्याला परका असतो. आपण म्हणतो लक्ष नाही, शाळा म्हणते ‘ढ’ आहे, घरी फटके बसतात. काही वर्षांनी तेच मूल एखाद्या गॅरेजात पाने देताना दिसते. आपण त्याची नोंद ‘गळती’ या सदराखाली करून मोकळे होतो.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली. मुलाचे नाव पर्सी. खेळात कोणाहून कमी नाही, बुद्धीने चलाख. पण स्वतःचे नाव लिहितानासुद्धा अक्षरांची उलटापालट करी. त्याला अनेक वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. या नोंदीला सव्वाशे वर्षे उलटली. त्या शिक्षकाला जे दिसले, ते आपल्याला अजून दिसत नाही.

हा दोष डोळ्यांचा नाही, आळसाचा नाही आणि संस्कारांचाही नाही. कानावर पडलेला शब्द आपण नकळत त्याच्या ध्वनींमध्ये सोडवितो आणि प्रत्येक ध्वनीला एक खूण जोडतो. मेंदूतील ही जुळणी काही मुलांमध्ये सहज होत नाही. बुद्धी शाबूत असते, दृष्टी-श्रवण ठीक असते, शिकविणेही झालेले असते. तरी वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एक वा अधिक वाटा अडतात. वेगवेगळ्या भाषांतील शाळकरी मुलांमध्ये याचे प्रमाण पाच ते पंधरा टक्के असल्याचे मानसोपचारशास्त्रातील निदानपुस्तिका सांगते. पाच टक्केच धरले, तरी चाळीसच्या वर्गात दोन मुले झाली.

२००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचला, हे त्याचे मोठे श्रेय. पण त्याबरोबर दोन समजही पसरले. एक, हे दुखणे इंग्रजी माध्यमाचे; दोन, अशा प्रत्येक मुलात एक थोर चित्रकार दडलेला असतो. बहुतेक मुले तुमच्या-आमच्यासारखी साधी असतात हो! त्यांना मदत मिळण्यासाठी त्यांनी कलावंत असलेच पाहिजे, ही अट कशासाठी?

पहिला समज अधिक घातक. ‘आपली देवनागरी जशी बोलावी तशी लिहिली जाते, मग मराठी मुलाला अडचण कसली?’ असे मला एका मुख्याध्यापकांनी विचारले होते. लिपीचा अभिमान मलाही आहे. तथापि हाच गुण मुलाचे दुखणे झाकतो. इंग्रजीत असे मूल चुकीचे वाचते, म्हणून लगेच पकडले जाते. मराठीत ते पुष्कळदा बरोबर वाचते, पण इतके संथ, एकेक अक्षर ओढत, की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शिवाय देवनागरीचे स्वतःचे घाट आहेतच. ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची आधी, उच्चारावयाची नंतर. ‘र’ एकच, पण ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘तऱ्हा’ या चार शब्दांत त्याची चार रूपे! एखाद्या मुलाला हा बहुरूपी ओळखू येत नसेल, तर छडीने तो कसा ओळखू येणार?

म्हणून मराठी मुलाची तपासणी मराठीतच व्हावयास हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाची भारतीय भाषांतील चाचणी सिद्ध केली. तीत हिंदी व कन्नडबरोबर मराठीही आहे. आपल्या शाळांपैकी किती शाळांना ती ठाऊक आहे?

ज्ञान कानांनी घ्यावयाचे, ही आपली जुनी रीत. श्रुती हा शब्दच त्याची साक्ष आहे. पदपाठ, घनपाठ यांच्या आधारे वेद जपले गेले. कीर्तनाने निरक्षर समाजाला बहुश्रुत केले. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या म्हणून मराठीला मिळाल्या. आपल्या पूर्वजांना हा विकार ठाऊक होता, असा दावा मी करणार नाही. तसे दावे करण्याची हौस आपल्यात जरा जास्तच आहे. म्हणणे एवढेच, की ज्ञानाच्या घराला एकच दार असते, हे आपल्या परंपरेने कधी मानले नाही.

आणि आता ते दुसरे दार खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. धड्याच्या पानाचे छायाचित्र घ्या. मोबाईल त्यातील अक्षरे ओळखतो आणि मराठीत वाचून दाखवितो. २०१७ पासून गूगलची मराठी श्रुतलेखनाची सोय आहे. मूल बोलते आणि ओळ उमटते. मुलाने ओळीखाली बोट ठेवावे, कानाने ऐकावे आणि डोळ्यांनी पाहावे. वेग कमी ठेवता येतो, तेच वाक्य दहा वेळा ऐकता येते आणि यंत्र वैतागत नाही. शिक्षक वैतागतो, आईही वैतागते. इतिहास-भूगोलाचा धडा मुलाला असा समजू लागला की ‘मला काहीच येत नाही’ ही त्याची गाठ सैल होते. माझ्या मते तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ तोच.

यात एक अडचण आमच्या व्यवसायाने निर्माण केली आहे. मराठी प्रकाशनांनी वर्षानुवर्षे आपापले वेगळे टंक वापरले. पडद्यावर ते सुंदर दिसतात. पण युनिकोडमध्ये नसलेला तो मजकूर वाचणाऱ्या यंत्राला केवळ चिन्हांचा कचरा असतो. वास्तविक कायदा अनुकूल आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप करण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी उरली नाही. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे डिजिटल ग्रंथालयही आहे. उणीव आहे ती मराठी पुस्तकांची ध्वनिमुद्रणे करणाऱ्या हातांची, नव्हे आवाजांची. निवृत्त शिक्षिका, नाट्यवेड्या गृहिणी, प्रौढ स्वयंसेवक यांनी रोज अर्धा तास दिला, तर एका वर्षात केवढे काम उभे राहील!

मात्र एक सावधगिरी. यंत्र धडा समजावते, वाचन शिकवीत नाही. ध्वनी सुटे करणे, जोडणे, अक्षर वाळूत बोटाने काढणे, हे उपचारात्मक अध्यापन माणसानेच, रोज, चिकाटीने करावयाचे असते. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकविणाऱ्या महागड्या वर्गांच्या नादी तर मुळीच लागू नका.

सवलतींचा प्रश्न बराच चर्चिला जातो. आपल्या राज्याने १९९६ साली, देशात सर्वप्रथम, अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. १९९५ च्या केंद्रीय कायद्यात या मुलांना स्थान नव्हते. २०१६ च्या कायद्याने एकवीस दिव्यांगतांमध्ये त्यांचा समावेश केला. त्याच कायद्याचे सोळावे कलम अशी मुले लवकर ओळखून योग्य उपाय करावयास सांगते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे अधिक देऊ केली, लेखनिक वा संगणकाचा पर्यायही दिला. कोणी म्हणतात, ‘सधन पालक खोटी प्रमाणपत्रे आणतात.’ काही आणत असतीलही. परंतु माझी खंत उलट आहे. ज्याच्या पालकांना ही वाट ठाऊक आहे, त्याला प्रमाणपत्र मिळते. वस्तीतल्या खऱ्या गरजूला ‘ढ’ ही पदवी मिळते. सामाजिक समरसता आपण भाषणांत मांडतो, ती येथे, प्रमाणपत्राच्या रांगेत, का दिसू नये?

तेव्हा, कार्यकर्ते बंधूंनो, शोध घ्यावयाचा तो दुसरी-तिसरीतच. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावीचा अर्ज भरताना धावपळ करून काही साधत नाही. पालकांसोबत आपल्यापैकी एकाने जावे. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, त्याची तजवीज करावी. दिव्यांगांमध्ये काम करणाऱ्या ‘सक्षम’च्या कार्यकर्त्यांचे साहाय्य घ्यावे. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. आणि तपासणीला जाताना मुलाच्या वह्या बरोबर न्याव्यात. खास त्या दिवसासाठी सुवाच्य अक्षरात उतरविलेल्या नव्हे, रोजच्या, खाडाखोडीच्या.